सिगारेट सोडताना मोबाईलचा आधार : क्विटलाइन, एसएमएस की ॲप?

माझा थोरला भाऊ ठाण्यात राहतो आणि तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यात पाळीने काम करतो. वीस वर्षांच्या सवयीत त्याने सिगारेट दोनदा सोडली आणि दोन्ही वेळा पुन्हा धरली. तिसऱ्यांदा सोडायचे ठरले तेव्हा त्याने मला विचारले, की मोबाईलवर यासाठी काही काही असते म्हणतात, त्यातले नेमके काय घ्यावे? त्याच्यासाठी शोधताना जे हाती आले आणि नंतर त्याच्याबरोबर जे अनुभवले, ते याच प्रश्नापाशी अडलेल्या दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडावे म्हणून मांडत आहे.

पर्याय मुख्यतः तीन आहेत. पहिला, केंद्र सरकारची राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन. १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर फोन केला की प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. दुसरा, एसएमएसद्वारे चालणारा कार्यक्रम. आरोग्य मंत्रालयाने जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या साहाय्याने २०१६ मध्ये असा ‘एम-सेसेशन’ कार्यक्रम सुरू केला, आणि त्यात मिस्ड कॉल देऊन नाव नोंदवण्याची सोय ठेवली. तिसरा, स्मार्टफोनवरची ॲप्स.

यांतला खरा फरक मला एका गोष्टीत दिसतो : तलफ येते त्या क्षणी पहिले पाऊल कोणी उचलायचे? तलफेचा जोर साधारणपणे काही मिनिटेच टिकतो, पण तेवढ्या वेळात चहाचा ग्लास हातात असतो, टपरीला टांगलेला लायटर समोर असतो आणि हात सवयीने खिशाकडे गेलेला असतो. अशा वेळी फोन काढून, ॲप शोधून, ते उघडून त्यातला श्वासाचा व्यायाम करण्याइतके भान फार थोड्यांना राहते. संदेश मात्र न मागता येतो. तो नेमका तलफेच्याच वेळी येईल असे नाही, पण आपण सोडायचे ठरवले आहे याची आठवण दिवसातून काही वेळा कोणीतरी करून देते.

संशोधनाचा कलही बराचसा याच बाजूचा आहे. ब्रिटनमध्ये सुमारे ५८०० जणांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सोडण्यास प्रोत्साहन आणि आधार देणारे संदेश ज्यांना मिळाले त्यांच्यापैकी १०.७ टक्के लोक सहा महिन्यांनंतरही सिगारेटपासून दूर होते. ज्यांना या विषयाशी संबंध नसलेले संदेश मिळाले त्यांच्यात हेच प्रमाण ४.९ टक्के होते, आणि हे आकडे नुसत्या तोंडी सांगण्यावर नव्हे तर तपासणीने पडताळलेले होते. प्रमाण दुपटीहून अधिक झाले ही मोठीच गोष्ट आहे, पण संदेश मिळूनही शंभरातले जवळपास नव्वद जण त्या खेपेस सुटले नाहीत, हेही त्याच आकड्यात आहे. केवळ एसएमएसवर भिस्त ठेवणाऱ्याने ही बाजू लक्षात घेऊनच सुरुवात करावी, म्हणजे अपयश आले तरी तो स्वतःला दोष देत बसणार नाही.

ॲप्सबाबत, वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्याला ठोस लाभ दिसला नव्हता. मात्र सगळी ॲप्स एकाच तागडीत तोलणे बरोबर नाही. अमेरिकेत २४१५ जणांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ‘आयकॅनक्विट’ वापरणाऱ्यांपैकी २८.२ टक्के आणि ‘क्विटगाइड’ वापरणाऱ्यांपैकी २१.१ टक्के लोकांनी वर्षभरानंतर मागील ३० दिवसांत धूम्रपान केले नसल्याचे सांगितले. पहिले ॲप तलफेशी न झगडता तिला येऊ द्यायला आणि जाऊ द्यायला शिकवते, तर दुसरे तलफ टाळण्यावर भर देते. ॲप निवडताना रंगीत तक्ते पाहण्यापेक्षा ते शिकवते काय, हे पाहावे. आणि २८ हा आकडा वरच्या १०.७ शी ताडून पाहू नये, कारण तिथे पडताळणी होती आणि इथे लोकांचे स्वतःचे सांगणे आहे.

दादाने आधी ॲपच घेतले होते. ते इंग्रजीत होते आणि आठवड्याभराने पैसे मागू लागले, पण खरी अडचण निराळी होती. त्याच्या सूचना सकाळी नऊला यायच्या. रात्रपाळी करून ठाण्याला परतलेला माणूस त्या वेळी झोपलेला असतो आणि त्याची तलफेची वेळ असते रात्री दोनची, कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या चहाची. शिवाय ते ॲप फक्त सिगारेटी मोजत होते. आपल्याकडे हे फार अपुरे पडते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के. सिगारेट सोडली आणि चुना-तंबाखूची पुडी खिशात आली, असे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे, आणि ॲपच्या हिशेबी तो माणूस सुटलेला असतो. क्विटलाइन दोन्हींसाठी आहे.

म्हणून माझा स्वतःचा कौल क्विटलाइनच्या बाजूने आहे. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत ती २०१६ मध्ये सुरू झाली आणि पुढे मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालयही तिच्या केंद्रांपैकी एक झाले, त्यामुळे मराठीतून बोलता येते. सप्टेंबर २०१८ पासून हा क्रमांक पाकिटावरच छापला जातो. पण ठाण्यातल्या कुठल्याही टपरीपाशी पाच मिनिटे उभे राहावे : अनेक जण सुटी सिगारेट घेतात, आणि सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हातात पाकीट कधी येतच नाही. राज्याने २०२० मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली, तरी हा व्यवहार थांबलेला दिसत नाही. तेव्हा ओळखीच्या माणसाला हा क्रमांक आपणच लिहून द्यावा.

दादाने पहिला फोन ठाण्यातल्या तलावपाळीच्या, म्हणजे तलावाकाठच्या, कठड्यावर बसून केला, कारण घरी मुलांसमोर हा विषय काढायचा त्याला संकोच होता. मी शेजारीच होतो. तिकडून प्रश्न आला : सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने ओढता? तो थोडा थांबला आणि म्हणाला, दात घासायच्या आधी. हे मला ठाऊक नव्हते, वहिनीलाही नसावे. उठल्याबरोबर सिगारेट लागणे ही निकोटिनचे अवलंबन खोल असल्याची खूण मानली जाते, आणि अशा माणसाला नुसता धीर पुरत नाही. त्याला डॉक्टरांना भेटून औषधाचा किंवा निकोटिन गमचा विचार करण्यास सांगण्यात आले. (हा गम च्युइंगगमसारखा सतत चघळायचा नसतो. झिणझिण्या जाणवू लागल्या की तो गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवायचा असतो.) सोडण्याचा दिवस ठरला, आणि त्या दिवसाच्या आसपास समुपदेशक स्वतःहून फोन करतील असेही ठरले.

क्विटलाइनची उणीव वेळेची आहे, कारण ती दिवसा चालते. रात्री दोन वाजता तिथे कोणी नसते, म्हणून पाळीत काम करणाऱ्याने एसएमएसची जोड जरूर घ्यावी. जो दिवसाला चार-पाचच सिगारेटी ओढतो, तेही ऑफिसच्या चहासोबत, आणि ज्याने आजवर कधी सोडून पाहिलेले नाही, त्याने आधी एसएमएसपासून सुरुवात केली तरी चालेल. नोंदणी झाल्यावर संदेश कोणत्या भाषेत येतात हे पहिल्याच दिवशी पाहावे, कारण न कळणारे संदेश माणूस दोन दिवसांत वाचेनासा होतो. ज्याला इंग्रजी सहज वाचता येते आणि रोजची नोंद ठेवायला आवडते, त्याने ॲप घ्यावे, पण सोबत म्हणून घ्यावे आणि सूचनांच्या वेळा स्वतःच्या तलफेच्या वेळांप्रमाणे बदलून घ्याव्यात. मित्रांच्या व्हॉट्सॲप गटात नुसते जाहीर करण्याचा मार्ग मी कोणाला सुचवणार नाही, कारण एकदा घसरलेला माणूस लाजेपोटी त्या गटात गप्प होतो.

एक-दोन वेळा सोडून पुन्हा धरलेल्या माणसाने, किंवा ज्याला उठल्यापासून अर्ध्या तासात सिगारेट लागते त्याने, थेट क्विटलाइनलाच फोन करावा. फोनने भागत नसेल तर जिल्हा पातळीवर तंबाखूमुक्ती केंद्रे आहेत, आणि तिथे समोरासमोर बोलता येते.

ठरलेल्या दिवसानंतरचा फोन आला तेव्हा दादा दुपारपाळीला निघाला होता आणि गाडी ऐरोली सोडून पुढे गेली होती. गर्दीत नीट ऐकू येईना म्हणून तो रबाळ्याला उतरला, फलाटाच्या टोकाला जाऊन बोलला, आणि त्या नादात त्याची एक गाडी गेली. पाळीतल्या चहाच्या सुट्टीत आता काय करता, असे त्याला विचारले होते. त्याने सांगितले, की तो आता फाटकाबाहेर जात नाही. आतल्या कँटीनमध्ये, सिगारेट न ओढणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर चहा घेतो.