कॉलेज रोडचा वीकेंड कोर्स: 'कुणी काय बोलावं?'

नाशिकच्या कॉलेज रोडला एका क्लासमध्ये शनिवार-रविवार चालतो हा बोलण्याच्या स्वातंत्र्यावरचा कोर्स, नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली थोडी कुरकुर पण आहे. वाटलेलं संविधानातलं बोलण्याच्या हक्काचं कलम १९ वाचून दाखवतील नि चहा पाजून घरी पाठवतील, पण सर तयारीचे निघाले.

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचं १८५९ मधलं उदाहरण आहे, धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात असं पेपरात छापलं तर छापू द्या, पण तेच व्यापाऱ्याच्या दारात चिडलेल्या जमावासमोर ओरडलं तर शिक्षा करा. सरांनी ते उचलून थेट लासलगावला नेलं. कांद्याचे भाव पडलेत, लिलाव बंद पाडलाय, ट्रॅक्टरची रांग लागलीय आणि एकजण ट्रॉलीवर चढून एका व्यापाऱ्याचं नाव घेतो. वर्गात निफाडकडचे दोघं होते ते असे पेटले की विचारू नका, एक म्हणे "अहो सर, नाव घेतल्याशिवाय भाव मिळतो का कुठं?" सगळा कोर्स एकीकडे नि हा वाद एकीकडे. अमेरिकेतलं १९६९ चं ब्रँडेनबर्ग प्रकरण मग लगेच कळलं, तिथं चिथावणी लगेच राडा व्हावा म्हणून दिलेली असेल आणि तो होण्याची शक्यताही असेल तरच शिक्षा होते. आपल्याकडे बोलण्यावर बंधनं कुठल्या कारणांसाठी घालता येतात ती कलम १९(२) ची यादी त्यापेक्षा बरीच लांब.

नाशिकचं पण आलंच. १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना कविता छापल्या म्हणून काळं पाणी, आणि त्याच डिसेंबरात विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनचा खून. सरांनी विचारलं, गोळी कवितांमुळे सुटली का शिक्षेमुळे? आणि उत्तर न देता ब्रेक घेतला, लबाड!

आता कुरकुर. जेरेमी वॉल्ड्रन हा कायद्याचा तत्त्वज्ञ म्हणतो की द्वेषाच्या बोलण्याने दंगल नाही झाली तरी नुकसान होतंच, एखाद्या समाजाला रोज 'तुम्ही इथले नाही' ऐकवलं की त्यांचा सन्मानच जातो. हे पाच मिनिटांत गुंडाळलं, आणि आजचा खरा प्रश्न तर हाच आहे ना, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दारात जमाव नसतोच, जो तो आपापल्या सोफ्यावर, मिलची कसोटी लावायची कुठं? आयटी कायद्यातल्या कलम ६६अ बद्दल चांगलं सांगितलं, फेसबुक पोस्टवरून २०१२ ची पालघरच्या दोन मुलींची अटक ते २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कलम रद्द केलं तिथपर्यंत. पण फेसबुक-यूट्यूबवाले स्वतःच पोस्ट उडवतात त्यावर चकार शब्द नाही.

नोट्स सगळ्या इंग्रजीत, पार्किंगचा आनंदच. लॉ सीईटीच्या मार्कांसाठी जाणार असाल तर पैसे वाया, वाद घालायची हौस असेल तर बिनधास्त जा. साडेतीन स्टार.