पत्रा मारू का स्लॅब टाकू? सोलापुरात गाडीसाठी निवारा बांधताना

"दाजी, पत्रा मारू का स्लॅब टाकू?"

बायकोच्या धाकट्या भावानं विजापूर रोडला जुनं घर घेतलं, दिवाळीला गाडी आली आणि मे महिन्यात हा फोन. दुपारी गाडीत बसायचं तर स्टीअरिंगला आधी फडकं गुंडाळावं लागतं, अशी त्याची अवस्था. हातात दोन कोटेशनं होती. एक फॅब्रिकेशनवाल्याचं: अर्ध्या कागदावर चौरस फुटाचा दर आणि खाली एक आकडा. दुसरं ठेकेदाराचं: सहा कॉलम, बीम, स्लॅब, शटर, गिलावा. दुसरा आकडा पहिल्याच्या अडीचपट. मन पत्र्याकडे झुकलेलं, पण कारण पैशाचं नव्हतं. "पत्र्याला परवानगी लागत नाही ना!"

हे वाक्य मी जुळे सोलापुरात प्रत्येक गल्लीत ऐकलंय. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये 'विकास' म्हणजे जमिनीत, जमिनीवर किंवा जमिनीखाली केलेलं बांधकाम. पत्रा आणि स्लॅब असा भेद त्यात नाही. जमिनीत खांब रोवून वर कायमचं छत घातलं की ते बांधकामच. पावसाळी शेडची सवलत असते ती पावसाळ्यापुरती, तात्पुरत्या परवानगीची. पावसाळा सरला की शेड उतरवायची. खरं तर या गावाला परवानगीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. होटगी रोडची, विनापरवाना ठरलेली साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला कशी खाली आली, ते सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलंय.

म्हणजे परवानगीच्या हिशेबात दोन्ही कोटेशनं सारखीच. फरक पडतो तो जागेनं.

त्याला म्हटलं, घराचा मंजूर नकाशा काढ. नकाशात घराभोवती मोकळं सोडायचं अंतर आखलेलं असतं, आपण त्याला मार्जिन म्हणतो. दोन्ही कोटेशनांतलं बांधकाम गेटाला लागून, पुढच्या मार्जिनमध्ये होतं. ठेकेदारानं विचारलं नाही, यानं सांगितलं नाही. तिथं स्लॅब टाकला आणि कुणी तक्रार केली तर नोटीस, आणि पुढं ब्रेकर. पत्रा तिथं तितकाच बेकायदा, पण नटबोल्टवर असेल तर दुपारभरात उतरतो. पत्र्याच्या बाजूनं खरा मुद्दा एवढाच आहे. लोक त्याचं भाषांतर 'परवानगी नको' असं करतात.

नकाशा निघाला आणि एक गंमत कळली. मूळ मालकानं मंजूर झालेली एक खोली बांधलीच नव्हती. घराच्या डाव्या अंगाला, मंजूर रेषेच्या आत, साडेतीन मीटर रुंदीची पट्टी मोकळी. गाडीच्या जागेचं नियमावलीतलं माप अडीच मीटर बाय पाच मीटर आहे. साडेतीनमध्ये दार उघडून माणूस नीट उतरतो. मात्र जुन्या परवानगीवर आता काम सुरू करता येत नाही. प्रारंभ प्रमाणपत्राची, म्हणजे काम सुरू करायच्या परवानगीची, मुदत एक वर्ष, वाढवून वाढवून आणखी तीन. त्यानंतर नव्यानं अर्ज. तो परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टमार्फत ऑनलाइन जातो. सोबत मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, बिगरशेतीचा आदेश, जुना नकाशा, कर भरल्याची पावती. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता बहुतेक राज्याला, सोलापूर धरून, एकच एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटना तिच्यात कागदपत्रांचा भार बराच हलका आहे.

हद्दवाढ भागात प्लॉट गुंठेवारीचा (मंजूर लेआउटशिवाय गुंठ्यानं विकलेला) असेल तर आधी तो नियमित करा. २००१ च्या कायद्यातली मुदत २०२१ मध्ये वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटना वाट मोकळी केली आहे. शेडचा विषय त्यानंतर.

दोन ऐकीव गोष्टी इथंच निकालात काढतो. 'साठ दिवस उत्तर नाही आलं की परवानगी मिळालीच' हे अर्धसत्य आहे. मानीव परवानगी कायद्यात आहे, पण बांधकाम नियमांत तंतोतंत बसत असेल तरच. दुसरी, 'टॅक्सला लावून घेतलं की झालं.' महापालिका अधिनियमाच्या कलम २६७-अ खाली विनापरवाना बांधकामावर शास्ती, म्हणजे दंड, लागते, आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही.

जमीन काय म्हणते

आता पत्रा आणि स्लॅबची खरी तुलना. ती जमिनीखाली सुरू होते. हे मी स्वतःच्या खिशातून शिकलोय.

सहा वर्षांपूर्वी मी पत्राच मारला होता. वेल्डिंगवाल्यानं दीड फुटाचे खड्डे घेतले, पाइप उभे केले, काँक्रीट ओतलं, चार दिवसांत गाडी सावलीत. आमच्याकडची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात तिला पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. दुसऱ्या उन्हाळ्यात मागचा एक खांब बोटभर खचला, पन्हळीचा ढाळ उलटा झाला आणि शटर गुडघ्याएवढ्या उंचीवर अडकायला लागलं. मग वळवाच्या एका संध्याकाळी दोन पत्रे सुटून शेजाऱ्यांच्या टाकीवर गेले. उरलेल्या पत्र्यांवर चढून बघितलं तर स्क्रू एकाआड एक मारलेले आणि बऱ्याच स्क्रूंना रबरी वॉशरच नाही. फोन केला तर त्या गृहस्थांचं उत्तर, "वाऱ्याला मी काय करू?"

दुसऱ्यांदा एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. तो तीन फुटांवर थांबला, पहारीनं टोचून बघितलं, म्हणाला, "काळीच हाय ओ मालक. अजून जाऊ." साडेचार फुटांवर पहारीचा आवाज बदलला. मुरूम लागला. तिथं फुटिंग (खांबाखालचा रुंद काँक्रीटचा पाया) घेतलं, वर बेसप्लेट आणि अँकर बोल्ट. ती शेड अजून जागची हललेली नाही. फक्त हा खर्च पहिल्या कोटेशनात कधीच नसतो. काळ्या जमिनीत पाया नीट केला की पत्रा आणि स्लॅबमधलं 'अडीचपट' बरंच खाली येतं, कारण खोदाई आणि फुटिंग दोघांनाही लागतंच.

उन्हाचं म्हणाल तर पत्रा दुपारी तापतो आणि दिवेलागणीला निवतो. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दहापर्यंत ओकत राहतो. दोन बाजू उघड्या ठेवल्या तर गाडीला पत्रा पुरतो. खाली बसून काम करायचं असेल, सामान ठेवायचं असेल किंवा पुढंमागं वर खोली काढायची असेल, तर पत्र्यावर पैसे घालू नका. कॉलम आजच वरच्या मजल्याच्या हिशेबानं डिझाइन करून घ्या. (गाळा काढून भाड्यानं द्यायचा किंवा दोन माग टाकायचे, तर वापरबदल आणि वीजमीटर हे वेगळंच प्रकरण.)

स्लॅबचा आणखी एक खर्च कुणी लिहून देत नाही: पाणी. आपल्याकडं नळ काही दिवसांआड येतो. मे महिन्यात स्लॅब टाकून त्यावर पाण्याचे आळे भरून ठेवायचे म्हणजे टँकर. साडेतीन मीटर रुंदीच्या स्लॅबला टेकू किमान सात दिवस ठेवायचे असतात आणि पाणी त्याच्याही पुढं मारायचं असतं. ठेकेदाराला सेंट्रिंगचं सामान पुढच्या साइटवर न्यायची घाई असते. तिथं वाकडेपणा घ्यावाच लागतो. स्लॅब टाकायचाच तर पाऊस सरल्यावर टाका.

कुणाला काम द्यायचं

फॅब्रिकेशनवाला चौरस फुटानं दर देतो, कारण त्यात त्याची सोय आहे. छत तेवढंच राहतं, आत नळी पातळ होते. दोन इंची चौकोनी नळी २ मिमी जाडीची असेल तर ६ मीटरला साधारण १८ किलो भरते, १.६ मिमीची साडेचौदा. रंग मारल्यावर डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून मी किलोवर दर ठरवतो आणि माल रेड ऑक्साइड लावायच्या आधी काट्यावर चढवतो. त्यातही खोट आहे, किलोवर दिलं की तो गरज नसताना जाड माल घालू शकतो. त्यामुळे नळीची जाडी आधी लिहून घ्यायची, मग किलो.

ठेकेदाराच्या बाबतीत दोन वाटा: मटेरियलसह, नाहीतर लेबर रेटनं. लेबर रेट स्वस्त दिसतो, पण वाळूच्या ब्रासपासून बाइंडिंग वायरपर्यंत धावपळ तुमची, आणि दुपारी दोनला सिमेंट संपलं तर गडी तुमच्या पैशांनी झाडाखाली बसतात. साइटवर रोज उभं राहणारा घरचा माणूस असेल तरच ही वाट. मेहुणा सकाळी नऊला चिंचोळी एमआयडीसीत जातो, संध्याकाळी सातला येतो. त्यानं मटेरियलसहच द्यावं, फक्त सळीवर नजर ठेवावी. हिशेब सोपा आहे: सळीच्या मिमीचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किलो. १२ मिमीची सळी मीटरला ०.८९ किलो भरली पाहिजे. एक मीटर तुकडा कापून वाण्याच्या काट्यावर ठेवला की कळतं.

पैसे टप्प्यानं: फुटिंग, छत, फिनिशिंग. शेवटचा दहावा हिस्सा एक पाऊस होईपर्यंत हातात ठेवायचा. माझ्या पहिल्या शेडला मी सगळे आधी दिले होते, म्हणूनच ते 'वाऱ्याला मी काय करू' ऐकून घ्यावं लागलं.

मेहुण्याला मी शेवटी पत्राच सांगितला: डाव्या पट्टीत, मुरमापर्यंत पाया, बोल्टवर. वर खोली काढायचा त्याचा विचार नाही, आणि एका गाडीसाठी स्लॅबला एवढं पाणी घालणं मला पटत नाही. त्यानं इंजिनिअरकडं कागद दिलेत. दोन्ही कोटेशनवाल्यांना त्या पट्टीत एक खड्डा मुरमापर्यंत घेऊन नव्यानं दर द्यायला सांगितलंय. ठेकेदार रविवारी येऊन खड्डा घेऊन गेला. फॅब्रिकेशनवाल्यानं अजून फोन उचललेला नाही.