मॉरिस मायनरला आफ्टरमार्केट स्टेअरिंग पार्ट: वापरून पाहिल्यावर

टाय रॉड एंडची (स्टेअरिंगचा दांडा चाकाच्या आर्मला जोडणारा बॉल जॉइंट) जोडी, रॅकचे (स्टेअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणारी दांडी) रबर बूट, म्हणजे धूळ अडवणारी आवरणं, आणि पुढच्या दोन्ही चाकांचे खालचे ट्रनियन (चाकाची उभी पिन ज्यात फिरते तो आधार), एवढं सगळं मी माझ्या मॉरिस मायनरला नवीन बसवलं. सगळा माल आफ्टरमार्केट, म्हणजे मूळ कंपनीचा नसलेला. १९४८ साली आलेली ही गाडी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद झाली, त्यामुळे मूळ कारखान्याचा ताजा माल हा विषयच नाही. हे पार्ट बसवल्यानंतर गाडी ऊन, पाऊस, खड्डे न बघता नियमित चालली आहे. त्या वापरात काय टिकलं आणि काय नाही, ते लिहितो.

लोखंडाची तक्रार फारशी नाही. घात केला तो रबराने.

पहिल्या जोडीचे टाय रॉड एंड हातात घेतले तेव्हा झकास वाटले होते. बॉल घट्ट, फिनिश छान. काही महिन्यांनी गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेतली आणि बूटची घडी बोटाने ताणून पाहिली, तर घडीच्या तळाशी केसासारख्या बारीक चिरा. वरवर बघून त्या दिसल्याच नसत्या. एका बाजूला चीर आरपार गेली होती आणि बाहेर आलेलं ग्रीस बोटांत चोळलं तर खरखरत होतं. धूळ आत शिरल्याची ही खूण. बॉलला अजून प्ले (ढिलेपणा) नव्हता, पण अशा ग्रीसमध्ये बॉल आणि त्याची वाटी पॉलिश पेपरवर घासावी तशी झिजत जाते. हवेतला ओझोन ताणलेल्या रबरावर आधी हल्ला करतो, म्हणून चिरा नेहमी ताणाच्या जागीच पडतात. हलक्या दर्जाचं रबर घडीवर ताणलेलं असलं की पेटीत पडून असतानाही ते होतं. निओप्रीन या कृत्रिम रबराचा बूट यात बराच जास्त टिकतो.

दुसरी जोडी दुसऱ्या मेकची घेतली. बूट जाड, दोन्ही टोकांना तारेची रिंग आणि मुख्य म्हणजे ग्रीस निपल (पंपाने ग्रीस भरायचं तोंड). ‘आयुष्यभर ग्रीसची गरज नाही’ असं लिहिलेले सीलबंद जॉइंट जुन्या गाडीला मला पटत नाहीत. ज्या दिवशी बूट फाटतो त्या दिवशी ते आयुष्य संपतं, आणि तोवर आत काय चाललंय ते कळायला मार्ग नसतो. निपल असलं की बाहेर येणारं ग्रीस सगळं सांगतं. फक्त पंप बेताने मारायचा. बूट किंचित फुगला की थांबायचं, नाहीतर आपणच तो ओठाजवळ फाडतो.

बसवण्याआधी प्रत्येकाने टेपर (पिनेचा निमुळतेपणा) तपासावा असं मला कळकळीने सांगायचंय. टाय रॉड एंडची पिन स्टेअरिंग आर्मच्या (चाक वळवणारा दांडा) टेपर भोकात पूर्ण बसली पाहिजे. पिनेवर निळ्या मार्किंग रंगाचा पातळ हात दिला, ती भोकात हाताने दाबून थोडी फिरवली आणि काढली. चांगल्या पिनेवर खूण सगळीकडे सारखी उमटते. आधी आलेल्या एका नगाच्या पिनेवर फक्त वरच्या कडेला अरुंद पट्टा आला. म्हणजे टेपरचा कोन चुकलेला. अशी पिन नट आवळताना घट्टच लागते, पण चालत्या गाडीत कडेवर झोकांड्या खात सैल होते आणि भोकही खराब करते. तो नग मी न बसवता परत केला.

नटाचंही तसंच. कॅसल नटच्या (वरच्या कडेला खाचा असलेला नट) खाचा आणि नट सुटू नये म्हणून घालायच्या स्प्लिट पिनचं भोक समोरासमोर यायला हवं. भोक नटाच्या पार वर राहिलं तर टेपरची पिन जास्त खोल गेली आहे, म्हणजे ती पिन चुकीची किंवा आर्मचं भोक झिजलेलं. खाच जुळवायला नट पुढे आवळायचा, मागे कधीच सोडायचा नाही. आटे आधी हाताने घालून बघा. या गाडीचे आटे इंची मापाचे आहेत, आणि नट दोन फेऱ्यांत अडला तर पाना लावून जबरदस्ती नको.

आता ट्रनियन. सगळ्यात जोखमीचा भाग हाच. मायनरमध्ये उभ्या स्विव्हल पिनेचं खालचं टोक आट्यांचं असतं आणि ते ट्रनियनमध्ये फिरतं. आटे झिजले की पिन एक दिवस उपसून बाहेर येते आणि चाक मडगार्डखाली दुमडतं. मग स्टेअरिंग हातात असून उपयोग नाही. यासाठी अनोळखी मेक घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. डावा-उजवा वेगळा असतो, तेही बघून घ्या. माझ्या नव्या ट्रनियनपैकी एकात पंप मारला तरी ग्रीस जाईना. निपल काढलं तर भोकात ड्रिलचा बारीक चुरा बसलेला. तसाच लावला असता तर आटे कोरडेच चालले असते. चुरा साफ केल्यावर दोन्ही आजपर्यंत ठणठणीत आहेत. ग्रीसिंग चाक जॅकवर उचलून करतो, म्हणजे ज्या बाजूवर भार येतो तिथेही ग्रीस पोचतं. ट्रायम्फ हेराल्ड आणि स्पिटफायरचे ट्रनियन दिसायला याच जातीचे, पण त्यांना ग्रीस नाही, ईपी ९० हे गिअरचं तेल लागतं. दोन्ही गाड्या सांभाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

रॅकचे बूट ठीक निघाले, क्लिपा मात्र पहिल्या पावसात गंजल्या. स्टेनलेसच्या लावल्या.

खोक्यावर जाऊ नका. एकच माल वेगवेगळ्या खोक्यांतून येतो. ‘आयएसओ ९००१’ हा शिक्का कारखान्याच्या कार्यपद्धतीचा असतो, हातातल्या नगाचा नाही. नगावर मेकरची खूण आणि बॅच नंबर कोरलेला असेल तर मला तो जास्त भरवशाचा वाटतो. स्टेअरिंग आर्मसारख्या भागावर जोडाची रेघ बघा. फोर्जिंगची रेघ रुंद, घासून काढलेली असते. ओतीव भागाची बारीक, धारदार. ओतीव आर्म मी गाडीला लावणार नाही. माझे जुने मूळ आर्म डाय पेनेट्रंटने (तड्यात शिरून तो दाखवणाऱ्या रंगाने) तडे तपासून परत बसवले.

जुन्या साठ्यातला, न वापरलेला मूळ माल मिळाला की लोक खूश होतात. धातू उत्तमच असतो. पण आतलं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं असतं आणि बूट कडक झालेला. साफ करून, नवं ग्रीस आणि नवा बूट घातल्याशिवाय तो नवा धरू नका.

तपासणी सोपी आहे. चाक उचलून डाव्या-उजव्या कडांना धरून हलवा, प्ले लागला तर संशय टाय रॉड एंड किंवा रॅकवर. वर-खाली धरून हललं तर ट्रनियन, वरचा पिव्हट किंवा बेअरिंग. मग गाडी जमिनीवर ठेवून कुणालातरी स्टेअरिंग थोडं इकडे-तिकडे करायला सांगा आणि जॉइंटवर हात ठेवा. डोळ्याला न दिसणारा प्ले बोटांना लागतो. टाय रॉड एंड बदलल्यावर चाकांचं अलाइनमेंट करून घ्यायलाच हवं.

सध्या स्टेअरिंग हलकं आहे, गाडी सरळ धावते, प्ले कुठेच नाही. दुसऱ्या जोडीच्या उजव्या बूटची कड किंचित कडक लागू लागली आहे, चीर मात्र नाही. नुसता बूटही वेगळा मिळतो आणि ग्रीस स्वच्छ असेल तर मी तेवढाच बदलेन. ग्रीस खरखरीत लागलं तर अख्खा जॉइंट जाईल.