एकच आवाज की अनेक? मराठी श्राव्य पुस्तकांची तुलना

बेळगाव-निपाणी मार्गावरील बसमध्ये, इंजिनाच्या घरघरीत आणि शेजारी चाललेल्या कानडी-मराठी गप्पांत श्राव्य पुस्तक ऐकणाऱ्यापुढे दोन पर्याय असतात : एकाच वाचकाने वाचलेले पुस्तक, किंवा अनेक कलाकारांनी पार्श्वसंगीतासह सादर केलेले. माझा कौल बहुतेक वेळा पहिल्याला आहे. नाट्यमय सादरीकरणात तलवारींचा खणखणाट सुरू झाला की संवाद त्याखाली दबतात, आवाज वाढवावा लागतो आणि पुढच्याच क्षणी सनई कानठळ्या बसवते.

एकट्या वाचकाची ताकद पाहायची असेल, तर पु. ल. देशपांडे यांचे ‘रावसाहेब’ त्यांच्याच आवाजात ऐकावे. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात अध्यापन केलेल्या पु. लं.नी रावसाहेबांची कानडी हेलाची, लिंगवचनाची फिकीर न करणारी मराठी अशी उभी केली आहे, की दुसऱ्या नटाची गरजच भासत नाही. त्याउलट, इतर काही ध्वनिमुद्रणांत सीमाभागातील पात्रही पुणेरी वळणाने बोलते, आणि ते आम्हा बेळगावकरांना फार खटकते.

मात्र ‘मृत्युंजय’सारख्या कादंबरीत (1967) कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आपापली कथा प्रथमपुरुषी सांगतात, तेथे स्वतंत्र आवाजच अधिक न्याय देतील, अर्थात संगीत आवरते घेतले तर.