ब्रेकचे रबरी पाइप: आठ महिने वापरून

रविवारी ओंकारेश्वरला जाताना भेरूघाट उतरलो आणि खाली थांबून पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. दोन्ही सारखीच गरम. म्हणून आज लिहायला बसलो.

आठ महिन्यांपूर्वी इथेच डावं चाक तव्यासारखं तापलं होतं, गाडीही डावीकडे ओढायची. सर्व्हिस सेंटरने चाक न उघडताच दोन्ही कॅलिपर (तेलाच्या दाबाने चाकावर ब्रेक आवळणारे भाग) बदलायला सांगितले. साडेनऊ हजार! चौदा वर्षांच्या गाडीवर? गाडी उचलली ती थेट इंदूरच्या छावणीतल्या मिस्त्रीकडे. त्याने जॅक लावला, मला ब्रेक दाबून सोडायला लावला. चाक जाम. ब्लीडरचा निपल, म्हणजे कॅलिपरवरचा हवा-तेल सोडायचा स्क्रू, सैल केल्याबरोबर मोकळं. म्हणजे पिस्टन अडकलेलं नव्हतं, तेलाचा दाब कोंडला होता. निपल बंद करून पुन्हा जाम केलं आणि आता वरच्या लोखंडी नळीचा जोड ढिला केला, तर चाक हलेना. "भिया, पाइप अंदर से फूल गया." बाहेरून एक तडा नाही! पायाच्या जोराने तेल आत जायचं, परतायला वाट नव्हती.

नवे दोन पाइप साडेअकराशेला पडले. खूश होऊन रिव्ह्यूत पाइपांना पाच तारे दिले. पावसाळ्यात जोडाशी ओल दिसली, तडकाफडकी दोनवर आणले. ते चुकलंच माझं. पाइप निर्दोष होते. पाइप कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे (बँजो बोल्ट) तांब्याचे वॉशर मिस्त्रीने जुनेच चढवले होते. एकदा चेपलेलं तांबं दुसऱ्यांदा नीट बसत नाही. दहा रुपयाला एक वॉशर! मी चिंगूस आहे, सौ. चारचौघांत सांगते, पण हे चाळीस रुपये कुणी वाचवायला सांगितले होते? सियागंजातून डझनभर आणले, ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवलेत, पाहुण्यांनाही दाखवतो.

वॉशर बदलून ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा घरीच काढली. सौ. पेडलवर, मी चाकाशी: "दाब, धर, सोड." तेलाचा थेंब मडगार्डवर पडला, तिथला रंग गेला. तेवढं फडकं हाताशी ठेवा.

आता दर तीन महिन्यांनी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघतो: पाइप टायरला घासतो का, पीळ पडलाय का, कुठे फुगवटा किंवा ओल आहे का. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलतो, कारण ते हवेतलं पाणी शोषतं. आणि मिस्त्री कॅलिपर पाइपाला लोंबकळत सोडत असेल तर तिथेच ओरडा, तारेने बांधायला लावा.

तारे चार केलेत. पाचवा पाकिटात वॉशर घालतील तेव्हा.