श्रोत्यांनाच झीलकरी करणारा सैनिक : पीट सीगर यांच्या ध्वनिमुद्रणांचा संच

पोवाड्यात शाहिराने ओळ टाकावी आणि मागे उभ्या असलेल्या झीलकऱ्यांनी ती उचलून धरावी, ही रीत आपल्या कानांना सवयीची आहे. अमेरिकेचे लोकगायक पीट सीगर यांनी झील धरण्याचे हे काम थेट समोर बसलेल्या लोकांवर सोपवले. स्मिथसोनियन फोकवेज या ध्वनिमुद्रण कंपनीने त्यांच्या जन्मशताब्दीला, म्हणजे मे २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला सहा सीडींचा संच ऐकताना मनावर सर्वांत आधी ठसते ते हेच. संचात १३७ ध्वनिमुद्रणे आहेत, त्यांतील वीस पूर्वी कधीही प्रसिद्ध न झालेली आहेत आणि सोबत दोनशे पानांचे सचित्र पुस्तक आहे. पुढच्याच वर्षी याला ऐतिहासिक ध्वनिमुद्रणांसाठीचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तो योग्यच होता, असे संच पूर्ण ऐकल्यावर माझे मत झाले आहे.

सीगर यांच्याविषयी लिहिताना त्यांच्या लष्करातील वर्षांचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो. मला मात्र तोच काळ त्यांच्या गाण्याची किल्ली वाटतो. १९४२ मध्ये सक्तीच्या भरतीत ते सैन्यात गेले तेव्हा बँजो हे तंतुवाद्य हाती घेऊन त्यांना काही वर्षे झाली होती. मिसिसिपी राज्यातील तळावर त्यांना विमानदुरुस्तीचे शिक्षण मिळाले. जपानी वंशाच्या सर्वांना अमेरिकेबाहेर घालवावे या मागणीचा निषेध करणारे एक पत्र त्यांनी लिहिले होते. त्यावरून लष्कराने त्यांची चौकशी आरंभली आणि त्यांचे परदेशी जाणे लांबत गेले. ज्यांच्याशी त्यांनी १९४३ मध्ये रजेवर असताना लग्न केले त्या तोशी ओता यांचे वडील जपानी होते, हे लक्षात घेतले म्हणजे ते पत्र त्यांच्या किती जिव्हाळ्याचे होते हे कळते. अखेर ते पॅसिफिक महासागरातील सायपान बेटावर पोहोचले. तेथे त्यांच्याकडे काम आले ते सैनिकांच्या, विशेषतः रुग्णालयातील जखमींच्या, करमणुकीचे. युद्धात काय केले असे कोणी विचारले, तर आपण बँजो वाजवला, असेच ते पुढे सांगत.

खाटेवर पडलेल्या, घरापासून हजारो मैल दूर असलेल्या माणसाला केवळ ऐकवून भागत नाही, त्याला स्वतःला गावेसे वाटले पाहिजे. या संचातील प्रत्यक्ष कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे ऐकताना मला सारखे वाटत राहिले की ही गोष्ट सीगर यांच्या अंगात तेथेच पुरती मुरली असावी. ते गाता गाता मध्येच, ताल जराही न मोडता, पुढची ओळ भरभर बोलून टाकतात आणि लगेच ती लोकांबरोबर गातात, त्यामुळे गाणे ठाऊक नसलेला मनुष्यही मागे राहत नाही. सभागृहाचा आवाज आधी चाचपडत येतो, दुसऱ्या कडव्याला स्थिरावतो, आणि मग सीगर स्वतःचा आवाज मागे घेऊन वरच्या सुरात एखादी वेगळीच ओळ गुंफू लागतात. हा क्षण कानांवर ताण देऊन ऐकावा असा आहे. कीर्तनात बुवा थांबतात आणि टाळकरी गजर चालू ठेवतात, तसेच हे घडते.

त्यांच्या वाद्याकडेही लक्ष द्यावे. पाच तारांच्या बँजोची पाचवी तार आखूड असते, ती अंगठ्याने छेडतात, आणि तिचा न बदलणारा उंच सूर तुणतुण्यासारखा सतत साथीला राहतो. खालच्या पट्टीत गाता यावे म्हणून सीगर यांनी आपल्या बँजोची मान लांबवून तिच्यावर तीन पडदे वाढवून घेतले होते. चांगल्या हेडफोनवर ऐकले तर अंगठ्याचा तो ठोका आणि बाकीच्या तारांची झणकार वेगवेगळी ओळखता येते.

संचात एवढी विविधता कोठून आली, याचे उत्तर त्यांच्या हालअपेष्टांत आहे. ऑगस्ट १९५५ मध्ये साम्यवादी असल्याचा संशय असलेल्यांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे त्यांनी आपल्या राजकीय मतांविषयी व स्नेह्यांविषयी उत्तरे देण्यास नकार दिला. त्याबद्दल १९६१ मध्ये त्यांना एक वर्षाची शिक्षा झाली, ती पुढल्या वर्षी वरिष्ठ न्यायालयाने रद्द केली. दूरचित्रवाणीची मोठी दारे मात्र अनेक वर्षे बंद राहिली. त्या काळात ते शाळा, महाविद्यालये आणि मुलांच्या शिबिरांतून गात राहिले, आणि मोझेस ॲश यांची छोटी फोकवेज कंपनी त्यांची गाणी मुद्रित करीत राहिली. म्हणूनच येथे कामगारांची गाणी, मुलांची गाणी, जुनी कथागीते आणि अन्य देशांतील गाणी शेजारी शेजारी नांदतात. आपल्याकडे शाळाशाळांतून गायिल्या जाणाऱ्या ‘हम होंगे कामयाब’चे मूळ असलेले ‘वुई शॅल ओव्हरकम’ जगभर पोहोचवण्यात सीगर यांचा मोठा वाटा होता, हेही येथे आठवते.

उणिवा सांगायलाच हव्यात. हा संग्रह फोकवेजच्या भांडारातून काढलेला असल्यामुळे सीगर ज्यात गात त्या द वीव्हर्स या चौकडीची डेक्का कंपनीसाठी झालेली लोकप्रिय ध्वनिमुद्रणे, किंवा सीगर यांनी कोलंबिया कंपनीसाठी केलेले काम, यात मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. सर्वांत जुन्या मुद्रणांत खरखर आहे. ती मला खटकली नाही, पण काहींना खटकेल. गाण्याचे शब्द समजून घेण्यासाठी इंग्रजी बऱ्यापैकी यावे लागते. पुस्तक मांडीवर ठेवूनच वाचावे लागते इतके जड आहे, मात्र त्यातील छायाचित्रे व टिपणे इतक्या काळजीने निवडलेली आहेत की तेवढ्यासाठीही संच विकत घेणे पटावे.

सहा सीडी एका बैठकीत ऐकू नयेत. आधी प्रत्यक्ष कार्यक्रमांतली, लोकांचा आवाज असलेली मुद्रणे शोधून काढावीत आणि घरात दुसरे कोणी असेल अशा वेळी ती मोठ्याने लावावीत. स्टुडिओतली एकट्याची गाणी त्यानंतर ऐकली, की त्यांत श्रोत्यांसाठी मोकळी सोडलेली जागा आपोआप ऐकू येऊ लागते.