‘कुठल्याही गाडीला बसतात’ म्हणून घेतलेल्या स्की

माझ्या स्नोमोबाइलला (बर्फावरची गाडी, पुढे दोन स्की आणि मागे फिरता पट्टा म्हणजे ट्रॅक) ट्रेलवर, म्हणजे बर्फ दाबून केलेल्या वाटेवर, एक वाईट खोड होती. आधीच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोरीत स्की शिरायच्या आणि हँडल हातातून ओढलं जायचं. याला डार्टिंग म्हणतात. वळणावर तर हँडल वळवलं तरी गाडी सरळच जायची. हे सगळं मी विकणाऱ्याला सविस्तर सांगितलं आणि तिथेच फसलो. त्याने माझंच रडगाणं मला गुणवर्णन म्हणून परत ऐकवलं: “नेमक्या याच त्रासावरच्या स्की आहेत. खोल कील, नवे कार्बाइड रनर, कुठल्याही गाडीला बसतात.” (कील म्हणजे स्कीच्या तळाचा उभा कणा, रनर म्हणजे त्याखाली बसवलेली धारेची पट्टी, आणि कार्बाइड म्हणजे तिच्यातला अतिशय कठीण पदार्थ.)

फोटो सगळे वरून काढलेले. वरून कुठलीही स्की देखणीच दिसते, खरा कारभार तळाशी असतो.

जोडायला घेतल्या तेव्हा स्पिंडलवर, म्हणजे स्की जिथे बसते त्या दांड्यावर, स्की डुगडुगायला लागली. प्रत्येक कंपनीचं माउंटिंग वेगळं असतं, त्यामुळे ‘कुठल्याही गाडीला’ हे ऐकूनच कान टवकारायला हवे होते. मी वॉशर घालून भागवलं (हा माझा शहाणपणा). शिवाय स्की चांगल्या रुंद, म्हणजे मऊ, खोल बर्फावर तरंगायच्या. घट्ट दाबलेल्या ट्रेलवर बर्फात रुतून वळण धरणारी कील लागते. यांची कील झिजलेली होती, आणि कडा तासून नव्यासारख्या केलेल्या.

रनरचं तर विचारूच नका. खऱ्या रनरच्या पोलादी पट्टीत कार्बाइडचे तुकडे वेगळे बसवलेले दिसतात आणि त्यांच्यावर कानस नुसती घसरते. इथे काळा रंग खरवडला तर खाली साधं पोलाद, कानशीने सहज कापलं जाणारं. बाजूने, कीलला पट्टी लावून काढलेला एक फोटो मागितला असता तर निम्मं बिंग तिथेच फुटलं असतं.

पैसे मागितल्यावर उत्तर आलं, “वापरलेला माल परत घेत नाही.”

शेवटी एका जाणकार मित्राने ट्रॅकला लांब सरळ पट्टी लावून मोजलं. माझ्या जुन्या स्कींची पुढची टोकं आत वळलेली निघाली. खरं तर ती समांतर किंवा किंचित बाहेर हवीत. म्हणजे निम्मा दोष स्कींचा नव्हताच! अलाइनमेंट करून, म्हणजे स्कींची दिशा नीट जुळवून, जुन्याच स्कींना दुहेरी धारेचे कार्बाइड रनर लावले. हँडल थोडं जड झालंय, पण चाकोरी आता गाडीला ओढत नाही.